डावखुऱ्याचं श्रीखंड

वझेकाकांचा मुहूर्तावर विश्वास नव्हता. हे ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं सांगायचे, की अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते कळायच्या आधी ही बातमी लागायची. पत्रिका थोतांड, राहुकाळ थोतांड, पंचांग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. आणि हाच माणूस नवी गाडी घ्यायला गेला, सही करायला पेन हातात घेतलं आणि टेबलावर परत ठेवून घरी आला. का, तर काही वर्षांपूर्वी नेमक्या त्याच तारखेला आमच्या इथल्या बेसबॉल क्लबच्या एका खेळाडूनं हातात आलेला कॅच सोडला होता.

क्लबचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या पराभवांना पुरेशी प्रसिद्धी मिळालेली आहे.

माझी नि काकांची ओळख झाली तीच या तारखांपायी. आम्ही हर्नडनची भाड्याची जागा सोडून इथं घर घेतलं आणि वास्तुशांत काढली. गुरुजींनी मुहूर्त दिला, मी शेजारीपाजारी आमंत्रणं करत सुटले. वझ्यांचं दार काकांनीच उघडलं. खाली रेघांचा पायजमा, वर क्लबची टोपी. घरात टोपी घालणारा माणूस मी लग्नातल्या व्याह्यांनंतर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी तारीख ऐकली आणि मान हलवली.

"त्या दिवशी नको."

"का हो काका? अमावस्या आहे का?"

"अमावस्या-बिमावस्या मी मानत नाही," काका म्हणाले. "त्या दिवशी आपण सबंध मॅच पुढे होतो आणि शेवटच्या इनिंगमध्ये घालवली. त्या दिवशी कुणी काही चांगलं करू नये."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण," ते म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नुकतीच विमानातून उतरले असेन.

मी नागपूरची. असल्या सल्ल्याला भीक घालत नाही. वास्तुशांत त्याच दिवशी केली. गुरुजी वेळेवर आले, गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावली, आम्ही त्यांना परवान्याची चिठ्ठी द्यायला विसरलो, आणि ते पाय धुऊन चहा पीत होते तेवढ्यात टोवाल्यानं गाडी उचलून नेली. कलश, नारळ, समिधा, आमचा सगळा वास्तुपुरुष डिकीत. ती गाडी सोडवून आणेपर्यंत मुहूर्त टळून दुपार कलली होती. काका जेवायच्या वेळेला बरोबर हजर. पुरणपोळीवर तूप घेत, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला थांबवून ते सांगत होते, "मी काही बोलणार नाही." इतक्या वेळा काही न बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका मूळचे मिरजेचे. सगळी नोकरी कंप्युटरवर गेली आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते या भागात आले त्याच वर्षी क्लबही दुसऱ्या गावाहून इथं आला. "क्लब आणि मी एकाच वर्षी इथं उतरलो," असं ते म्हणायचे तेव्हा वाटायचं, दोघांचे व्हिसाचे कागद एकाच वकिलानं केले असावेत. त्या आधीच्या गावातला क्लबचा इतिहास काका मोजायचे नाहीत. "तो त्याचा पूर्वजन्म," म्हणायचे. पुनर्जन्म हेही अर्थात थोतांडच होतं.

पण या जन्मातली एकूण एक तारीख त्यांना पाठ होती. पहिली मॅच, पहिला होमरन, ज्या दिवशी पावसानं मॅच थांबली आणि काका प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर घेऊन बसून राहिले तो दिवस, एका पिचरच्या, म्हणजे त्यांच्यातल्या बोलरच्या, कोपराचं ऑपरेशन झालं तो दिवस. कुठं काही लिहिलेलं नव्हतं. सगळं डोक्यात, टोपीच्या खाली. आणि प्रत्येक तारखेला त्यांनी नाव दिलेलं होतं. सोडलेल्या कॅचचा दिवस. पिशवीचा दिवस. कोपराचा दिवस. आमच्या रांगेत लोक या नावांनी बोलायला लागले होते. "प्लंबर कधी येणारे?" "कोपराच्या दुसऱ्या दिवशी." मी हे स्वतः ऐकलंय.

हे दिवस पाळायचे कुणी, तर सुनंदाकाकूंनी. काकू बारीक अंगाच्या, बोलायला कमी, आणि बोलल्या की पुढच्याचं बोलणं बंद करणाऱ्या. बेसबॉल त्यांनी आयुष्यात एकदाही नीट पाहिला नव्हता. तिथं कोण मारतोय आणि कोण नुसता उभा राहून थुंकतोय, यातला फरक आपल्याला कळत नाही असं त्या सरळ सांगायच्या. त्यांना क्लबातला एकच माणूस ओळखू यायचा, एक दाढीवाला डावखुरा. तो त्यांना त्यांच्या धाकट्या भावासारखा, नंदूसारखा दिसायचा. बाकी क्लब गेला उडत.

पण स्वयंपाकघर त्यांचं होतं, त्यामुळे दोन्ही पंचांगं तिथं नांदायची. भिंतीवर देवाधर्माचं, आणि काकांच्या डोक्यातलं बेसबॉलचं. पराभवाच्या तारखेला काका जेवायचे नाहीत. हा उपास नव्हे, निषेध, असं ते बजावायचे. मग काकू साबुदाण्याची खिचडी करायच्या आणि काका निषेध म्हणून दोनदा घ्यायचे. विजयाच्या तारखेला श्रीखंड. साध्या विजयाला साधं, वेलदोड्याचं. मागे पडून, हरत आलेली मॅच जिंकली असेल तरच केशर. हा नियम काकांनी केलेला आणि काकूंनी मुकाट्यानं पाळलेला. आदल्या दिवशी सिंकच्या नळाला पांढरं फडकं टांगलेलं दिसलं, की ओळखायचं, चक्का बांधलाय, उद्या क्लब कधीतरी जिंकला होता.

सीझनच्या शेवटी क्लब ढेपाळायचा. काकूंकडे त्याचं कारण तयार होतं. "पितृपक्षात कसल्या मॅचेस ठेवतात," त्या म्हणायच्या. "त्यांच्या घरातल्या कुणी तरी सांगायचं नाही का." यावर काकांचा संताप व्हायचा. असल्या अडाणी समजुतींनी हिंदुस्थान मागे राहिला, असं ते सांगायचे, आणि सांगताना टोपी उलटी घालायचे, कारण टोपी उलटी केल्याशिवाय क्लब मागून पुढे येत नाही.

एकदा मी काकूंच्या देखत विचारलं, "काका, काकूंचा वाढदिवस कधी असतो?"

काकांनी थोडा विचार केला. "जानेवारीत असतो काहीतरी. सीझनच्या बाहेर येतो तो."

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "जन्मालाच चुकीच्या वेळी आले मी," एवढं म्हणाल्या.

मला राग आला होता, आजही येतो. कोपराचं ऑपरेशन पाठ आणि बायकोचा जन्म सीझनच्या बाहेर.

चुकीची तारीख सांगणारा माणूस मात्र काकांना सहन व्हायचा नाही. आमच्या रांगेच्या टोकाला जोशी म्हणून एक पुण्याचे गृहस्थ राहायचे. बेसबॉल बघायचे, काकांना सोबत व्हायची. एका श्रीखंडाच्या दिवशी जोशी वाटी हातात घेऊन मजेत म्हणाले, "काय ती मॅच. मला आठवतंय ना, रविवार होता."

काका म्हणाले, "शनिवार."

"नाही हो काका, रविवार. मी घरी होतो ना."

"शनिवारीही माणूस घरी असतो."

"अहो, पण रविवारच."

काका उठले. जोशींच्या हातातली वाटी काढून घेतली, चमच्यासकट, आणि सिंकमध्ये नेऊन ठेवली. "चुकीची तारीख सांगणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही," ते म्हणाले. जोशींनी फोनवर शोधलं. शनिवार होता. त्यांनी माफी मागितली, तरी वाटी परत आली नाही. जोशींनी नंतर कितीतरी दिवस वझ्यांकडे खाताना वाटी दोन्ही हातांनी धरलेली मी पाहिली आहे.

मंडळातही त्यांनी असाच प्रताप केला होता. मराठी मंडळाचा वर्धापनदिन होता आणि तारखा पाठ असणारा माणूस म्हणून अध्यक्षांनी काकांना पाच मिनिटं दिली: मंडळाच्या इतिहासातले महत्त्वाचे दिवस. काका सदरा घालून उभे राहिले. "मंडळाची स्थापना झाली," ते म्हणाले, "त्या वर्षी आपली पिचिंग फार कच्ची होती." तिथून मंडळ जे बाद झालं ते परत खेळायला आलंच नाही. शेवटी अध्यक्ष विंगेतून म्हणाले, "काका, यार, प्लीज, नाटकवाले मेकप करून थांबलेत." पोरांना मात्र तो कार्यक्रम सगळ्यात आवडला. त्यांना कळलेलं मराठीतलं ते एकमेव भाषण.

इथवर सगळी चेष्टा होती. मग काकांच्या छातीत दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. बायपास करायचा आणि महिना संपायच्या आत करायचा, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं. हॉस्पिटलनं तारीख दिली. काकांनी घरी येऊन फोन उचलला आणि कॅन्सल केली. मी तेव्हा काकूंना औषधं आणून द्यायला गेले होते, त्यामुळे ऐकलं.

"दॅट डे इज नॉट पॉसिबल," काका म्हणाले. पलीकडच्या बाईनं बहुधा घरचं काही कार्य आहे का असं विचारलं. "नो. अ डेथ," काका म्हणाले. त्या बिचारीनं सॉरी म्हटलं असणार, कारण काकांनी गंभीरपणे थँक यू म्हटलं.

सोडलेल्या कॅचचा दिवस होता तो.

दुसरी तारीख आली. तीही कॅन्सल केली. त्या दिवशी क्लबानं सगळ्यांचा आवडता एक खेळाडू दुसऱ्या क्लबाला देऊन टाकला होता. मुलीचा, ईशाचा, सिअ‍ॅटलहून फोन आला. स्पीकरवर होता. "बाबा, धिस इज इन्सेन," ती म्हणत होती. "इट्स अ गेम. यू कुड डाय." काका तिला समजावत होते, की योगायोग वेगळा आणि तारीख वेगळी. ईशा रडायला लागली तेव्हा त्यांनी फोन काकूंकडे दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा माझ्याजवळ मोकळेपणी बोलल्या. "देवाच्या मनात असेल आणि मी एकटी राहिले, तर राहीन," त्या म्हणाल्या. "पण कुणा मेल्यानं कॅच सोडला म्हणून राहणार नाही."

"तुम्ही रागवा ना त्यांना."

"रागवून काय होणार. घाबरलेत गं ते. आणि घाबरलोय असं म्हणायची सोय नाही ना त्यांना. म्हणून ते कॅच घेऊन बसलेत."

मी खिडकीतून पाहिलं. काका पायरीवर बसून टोपीचा पट्टा काढत होते, लावत होते. इतकी वर्षं मी ज्याला हट्टी म्हातारा म्हणत आले तो माणूस नुसता भ्यालेला दिसत होता. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. तुम्ही भ्या ना हो, पण या बाईनं काय करायचं?

हॉस्पिटलनं तिसरी तारीख दिली, पुढच्या मंगळवारची. ही गेली तर सर्जन सुट्टीवर, मग पुढचं पुढे. काकांनी अजून फोन केला नव्हता, कारण त्या तारखेचं काही आठवतंय का ते बघत होते. काकू संध्याकाळी माझ्याकडे आल्या. हाताला पीठ तसंच.

"तुझ्या फोनवर बघ," म्हणाल्या. "त्या तारखेला हे लोक कधी जिंकलेत का. चांगलं जिंकायला हवं. केशराचं."

मी बघितलं. वर्षामागून वर्ष उलटं चाचपत गेले. त्या तारखेला क्लब बहुतेक वेळा हरला होता. काही वर्षी खेळलाच नव्हता. एकदा जिंकला होता तोही इतका रडतखडत, की वझ्यांकडे त्याला साखर पडली नसती. मी तसं सांगितलं.

काकू खुर्चीवर बसल्या. हाताचं पीठ चोळून चोळून काढलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग होऊ दे एक."

रात्री जेवायला त्यांनी मलाही आपल्याकडे बोलावलं. आमटी वाढता वाढता, काकांकडे न बघता, त्या म्हणाल्या, "मंगळवारची तारीख चांगली आहे हो."

"कशावरून?" काका म्हणाले.

"तुम्हीच नव्हतं का सांगितलंत मला? स्वयंपाकघरात पळत आला होतात. चार रन मागे होते आणि शेवटच्या इनिंगमध्ये जिंकले. तुम्ही माझा हात धरलात, हाताला बेसन होतं माझ्या. त्या डावखुऱ्यानं मारला ना शेवटचा."

"कुठला डावखुरा?"

"दाढीवाला. आपल्या नंदूसारखा दिसतो तो."

मी पानात खाली बघत बसले. शनिवार-रविवारवरून माणसाच्या हातची वाटी काढून घेणाऱ्या इसमापुढे ही बाई आख्खी मॅच रचून वाढत होती, आमटीबरोबर. मला वाटलं, आता उठतात काका.

काका उठले नाहीत. त्यांनी काकूंकडे बघितलं. चांगले बराच वेळ बघत राहिले. मग भात कालवायला लागले.

"हो," ते म्हणाले. "चार रन मागे होतो खरं."

"मग?"

"मग काय. जाऊ मंगळवारी."

काकूंनी तूप वाढलं. डॉक्टरांनी तूप बंद केलेलं आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि काकांनीही आठवण करून दिली नाही.

मंगळवारी पहाटे मीच ड्राइव्ह केलं. काका मागच्या सीटवर टोपी घालून बसले होते. हॉस्पिटलात त्यांना अंगरखा दिला, हाताला सुई लावली, आणि नर्स म्हणाली टोपी काढावी लागेल. टोपीवरून वाद होणार म्हणून मी कंबर कसली, पण त्यांनी ती निमूट काढून काकूंच्या हातात दिली. टोपीशिवाय ते अगदीच लहान दिसले.

"चक्का बांधलायस ना?" त्यांनी विचारलं.

"कालच बांधलाय."

"केशर घाल."

"घालते," काकू म्हणाल्या. दार बंद झालं. त्या दिवसभर काकू ती टोपी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकदाही खाली ठेवली नाही.

काका बरे झाले. सर्जनला म्हणे शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, काल रात्रीचा स्कोअर काय. पुन्हा सगळं पूर्ववत सुरू झालं: निषेधाची खिचडी, उलटी टोपी, पंचांगाला शिव्या. ऑपरेशननंही माणूस सुधारत नाही हे मी तेव्हा शिकले.

वर्षभरानं आमचं एडिसनला जायचं ठरलं, माझी नोकरी तिकडे गेली म्हणून. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वझ्यांनी जेवायला बोलावलं. काकूंच्या सिंकवर पांढरं फडकं वाळत पडलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तीच, ऑपरेशनची तारीख होती. जोशीही आले होते. काकूंनी वाट्या भरल्या, पिवळ्या, केशराच्या. काका टोपी सारखी करून, वर्षासकट सांगायला लागले. चार रन मागे होतो. लोक स्टेडियममधून उठून घरी निघाले होते. ढग आले होते. मी थक्क होऊन ऐकत होते, कारण काकूंनी ढग घातले नव्हते. आणि शेवटी तो दाढीवाला डावखुरा आला, काका म्हणाले, आणि बॉल असा भिरकावला की मी सुनंदाला सांगायला स्वयंपाकघरात धावलो.

जोशींच्या कपाळाला आठी पडली. ते वाटी दोन्ही हातांनी धरून बसले होते. "पण काका," ते म्हणाले, "तो डावखुरा तर नंतर आला आपल्याकडे. त्या वर्षी तो आपल्यात नव्हताच."

काकू वाढायचा चमचा हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मी जोशींना टेबलाखालून पाय मारायला गेले, पण पोचला नाही.

काका जोशींकडे बघत होते. क्लबात कोण कधी आला आणि कधी गेला, हे झोपेत सांगणारा माणूस. जोशींनी वाटी छातीशी धरली.

"नसेल," काका म्हणाले. "तारीख बरोबर आहे."

मग ते काकूंकडे वळले. "सुनंदा, जोशींना अजून श्रीखंड वाढ."